ग्लायडरचा रेडिओ: नवीन डबा घ्यायच्या आधी बॅटरी, वायर, माइक आणि अँटेना तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लबचं जुनं दोन सीटचं फायबरग्लासचं ग्लायडर आहे, त्यात २५ किलोहर्ट्झवाला (दोन चॅनलमध्ये एवढं अंतर धरणारा) जुना रेडिओ आहे, सकाळी पहिल्या फ्लाइटला ठणठणीत चालतो पण दुपारी ग्राउंडवाले म्हणतात "तुटतंय, परत सांगा", आणि गंमत म्हणजे कॉकपिटमध्ये मात्र सगळ्यांचं स्वच्छ ऐकू येतं. वर्कशॉपला पाठवला तर "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत आला. आता नवीन घ्यायचा तर कुठला, की हाच रिपेअर होईल?

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवीन रेडिओ तुम्हाला कदाचित घ्यावाच लागेल, पण त्याचं कारण वेगळं आहे, त्यावर पुढे येतो. आत्ता जो त्रास होतोय तो नवीन डबा बसवून जाईल असं मी म्हणणार नाही. ऐकू येतं पण बोललेलं तुटतं, आणि तेही दिवस चढल्यावर, हे लक्षण मी जेव्हा जेव्हा बघितलंय तेव्हा बहुतेक वेळा दोष व्होल्टेजचा निघालाय. ऐकताना रेडिओ साधारण पाव अँपिअरच्या आसपास करंट घेतो, पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबली की तोच दीड-दोन अँपिअरवर उडी मारतो, आणि ती उडी थकलेल्या बॅटरीला किंवा बारीक वायरला झेपत नाही. शिवाय एव्हिएशनचा व्हीएचएफ रेडिओ एएम वर चालतो, म्हणजे आवाज हा पॉवरच्या चढउतारातच भरलेला असतो, पूर्ण मॉड्युलेशनला (आवाज पूर्ण भरला की) शब्दाच्या शिखरावर ट्रान्समीटरला कॅरिअरच्या (बोलणं नसलेल्या नुसत्या लहरीच्या) चौपट पॉवर क्षणभर द्यावी लागते. सहा वॅटच्या रेडिओला चोवीस वॅटची शिखरं. व्होल्टेज कमी पडलं की आधी ही शिखरं कापली जातात, कॅरिअर व्यवस्थित जातो, समोरच्याच्या रेडिओचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडतो, पण शब्द चिरके आणि अर्धवट येतात. म्हणून ग्राउंडवाला "काहीच येत नाही" म्हणत नाही, "तुटतंय" म्हणतो. हा फरक नेहमी नीट विचारून घ्या, कारण अर्धं निदान तिथेच होतं.

वर्कशॉपला दोष का सापडला नाही तेही यातूनच कळतं. त्यांच्या टेबलावर पक्का १३.८ व्होल्टचा सप्लाय असतो आणि अँटेनाच्या जागी पन्नास ओहमचा डमी लोड असतो, म्हणजे ग्लायडरमध्ये ज्या दोन गोष्टींची मारामार असते नेमक्या त्याच तिथे उत्तम मिळतात. रेडिओ तिथे चांगला चालला तर वर्कशॉपने चूक केली असं होत नाही, पण त्याचा अर्थ एवढाच की दोष डब्याच्या बाहेर आहे किंवा कमी व्होल्टेजलाच दिसणारा आहे. पुढच्या वेळी पाठवताना सोबत चिठ्ठी द्या की ११.५ व्होल्टला पण ट्रान्समिट करून पॉवर आणि मॉड्युलेशन बघा, आणि रेडिओ थंड करून पण बघा. आणि आकडे लिहून मागा: पॉवर किती वॅट, फ्रिक्वेन्सी किती हर्ट्झने सरकली, मॉड्युलेशन किती टक्के, रिसीव्हर किती मायक्रोव्होल्टला ऐकतो. "ओके" एवढाच शेरा असलेला कागद काही कामाचा नाही.

आता मोजमाप, कारण अंदाजाने पार्ट बदलत बसलात तर पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. साधा मल्टिमीटर घ्या, कोएक्स (अँटेनाची केबल) काढून रेडिओला डमी लोड लावा, तो नसेल तर अँटेना लावलेलीच ठेवून वापरात नसलेल्या मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर आधी ऐकून दोन सेकंदाचा छोटा कॉल करा, आणि एकाने पीटीटी दाबलेली असताना दुसऱ्याने दोन जागी व्होल्टेज बघायचं, एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एकदा रेडिओच्या मागच्या प्लगवर. बॅटरीच्या टर्मिनलवरच एकदम खाली आलं तर बॅटरी गेली. बॅटरीवर ठीक आहे पण रेडिओपाशी पडतंय तर मधे कुठेतरी रोध आहे, मग फ्यूज होल्डरची दोन टोकं, मास्टर स्विचची दोन टोकं, बॅटरीच्या प्लगच्या दोन बाजू, असं एकेक तुकड्यावर मीटर धरत जायचं, पीटीटी दाबलेलीच. एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर तो जोड मी काढून नवीन करतो, वाद घालत नाही. मायनसची बाजू पण मोजायची हं, निम्मे लोक फक्त प्लस बघतात आणि दोष बॅटरीच्या मायनस लगला असतो.

वायरचा हिशोब पण एकदा करून बघा म्हणजे डोळे उघडतात. बॅटरी सीटच्या मागे असेल तर पॅनलपर्यंत जाऊन येऊन सहज आठ मीटर वायर होते. जुन्या ग्लायडरमध्ये बऱ्याचदा ०.३३ चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकलेली असते, तिचा रोध मीटरला सुमारे ५३ मिलीओहम, आठ मीटरला ०.४२ ओहम, दोन अँपिअरला जवळपास ०.८५ व्होल्ट नुसते वायरमध्येच गेले, स्विच आणि फ्यूज वेगळेच. तीच वायर ०.८ चौरस मिलिमीटरची टाकली की हा तोटा ०.३५ व्होल्टच्या आत येतो. सकाळी बॅटरी १२.७ वर असते तेव्हा बारीक वायर पण खपून जाते, दुपारी बॅटरी १२ च्या खाली आली की त्याच वायरने रेडिओपाशी अकराच उरतात. तुमचं "सकाळी ठीक, दुपारी खराब" हे इथून येत असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. रेडिओला बॅटरीपासून स्वतःची वेगळी जाड जोडी टाका, व्हेरिओ (चढतोय की उतरतोय ते दाखवणारं यंत्र), फ्लाइट कॉम्प्युटर, फ्लार्म (टक्कर टाळायचा इशारा देणारं यंत्र) यांच्याबरोबर एकाच वायरवर लटकवू नका, कारण मग पीटीटी दाबली की कॉम्प्युटर रिसेट होतो आणि लोक म्हणतात कॉम्प्युटर खराब आहे.

बॅटरीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण विश्वासार्ह रेडिओ म्हणजे निम्मी विश्वासार्ह बॅटरीच. ग्लायडरमध्ये इंजिन नाही, अल्टरनेटर नाही, सकाळी जेवढं भरलं तेवढ्यावरच संध्याकाळपर्यंत काढायचं. सात अँपिअर-अवरची सील्ड लेड-ॲसिड बॅटरी वीस तासांच्या रेटला सात देते, आणि दोनतीन सीझन झाल्यावर त्यातलं बरंच गेलेलं असतं. आता रेडिओ, व्हेरिओ, फ्लार्म, कॉम्प्युटर मिळून ०.८ अँपिअर धरले तर पाच तासात चार अँपिअर-अवर झाले, ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) असेल तर अजून. म्हणजे बॅटरीची क्षमता साठ टक्क्यावर आलेली असेल तर लँडिंगच्या वेळेला ती संपायला आलेली असते, आणि सर्किटमधला (उतरण्याआधीच्या फेरीतला) कॉल, धावपट्टीवर कोण आहे ते ऐकणं, हे सगळं तेव्हाच लागतं. नुसतं मीटर लावून १२.६ दिसले म्हणून बॅटरी चांगली असं समजू नका, भाराखाली बघा. सीझन सुरू व्हायच्या आधी एक ठरावीक भार लावून ११ व्होल्टपर्यंत किती तास जाते ते मोजा आणि बॅटरीवरच मार्करने तारीख आणि आकडा लिहा. साठ टक्क्याखाली आली की ती दुसऱ्या कामाला लावा, ग्लायडरमध्ये नको.

लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी का, हा पुढचा प्रश्न येतोच. मला आवडते, भाराखाली व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत तेरा-साडेबाराच्या दरम्यान राहतं, रेडिओला हेच पाहिजे असतं. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, व्होल्टेज सपाट असल्यामुळे किती उरली ते मीटरवरून कळत नाही आणि आतलं संरक्षक सर्किट एका क्षणात सगळं बंद करतं, लेड-ॲसिडसारखी हळूहळू चाहूल मिळत नाही, म्हणून दुसरी बॅटरी आणि बदलायचा स्विच हवाच. दुसरी, शॉर्ट झाला तर ती प्रचंड करंट सोडते, फ्यूज बॅटरीला अगदी चिकटून पाहिजे, पॅनलवर असून उपयोग नाही, मधली सगळी वायर संरक्षणाविना राहते, आणि शून्य डिग्रीखाली ती चार्ज करायची नाही. तिसरी, वजन. लेड-ॲसिडपेक्षा ती निम्म्याहून हलकी असते, आणि बॅटरी नाकात किंवा शेपटीच्या फिनमध्ये असेल तर सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी (गुरुत्वमध्य) सरकतो, म्हणून वजनाचा कागद नव्याने तपासल्याशिवाय अदलाबदल करायची नाही. हे लोक "बॅटरीच तर आहे" म्हणून सोडून देतात आणि मला त्याची खरंच काळजी वाटते.

व्होल्टेज नीट निघालं तर पुढचा संशयित माइक. समोरच्याला कॅरिअर येतो, खरखर थांबते, पण आवाज अगदी बारीक किंवा नाहीच, असं असेल तर माइकच धरा. डायनॅमिक माइक आणि इलेक्ट्रेट माइक या दोन वेगळ्या जाती आहेत, इलेक्ट्रेटला रेडिओकडून थोडं डीसी व्होल्टेज लागतं, डायनॅमिकला नको असतं आणि त्याचा सिग्नल पण खूप कमी असतो. जुन्या रेडिओला डायनॅमिक होता, तो तुटला म्हणून कोणीतरी इलेक्ट्रेटवाला गूजनेक (वाकणाऱ्या दांड्यावरचा माइक) लावला आणि तेव्हापासून आवाज येत नाही, ही कथा प्रत्येक क्लबात असते. नव्या रेडिओत मेनूमधून माइकचा प्रकार निवडता येतो, काहींना वेगळ्या पिना असतात, मॅन्युअल उघडून बघा.

दुसरं म्हणजे माइक ओठांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर पाहिजे. नॉइज कॅन्सलिंग माइकला पुढून आणि मागून दोन्हीकडून छिद्रं असतात, लांबचा आवाज दोन्हीकडून सारखा शिरतो आणि कापला जातो, जवळचा एकाच बाजूने जोरात शिरतो म्हणून टिकतो. तोच माइक वीतभर लांब ठेवला तर तुमचा आवाज पण "लांबचा" होतो आणि तो पण कापला जातो. मग लोक गेन वाढवतात, गेन वाढला की कॅनॉपीच्या व्हेंटची हवा आणि व्हेरिओची पिपाणी ट्रान्समिट होते. गेन कमी करा, माइक जवळ ओढा, फोमची टोपी घाला, एवढ्याने अर्ध्या तक्रारी मिटतात.

दोन सीटच्या ग्लायडरमध्ये अजून एक खास भानगड असते, दोन्ही माइक एकत्र जोडलेले असतात आणि पुढच्याने पीटीटी दाबली तरी मागचा माइक चालूच, रिकाम्या सीटवरचा माइक नुसता व्हेंटचा सूं सूं आवाज पाठवत बसतो. वायरिंग असं पाहिजे की ज्याची पीटीटी त्याचाच माइक, आणि नवीन रेडिओ घेताना दोन स्वतंत्र माइक इनपुट आहेत का ते नक्की बघा. स्पीकर बदलणार असाल तर त्याच्या चुंबकाने कंपास फिरतो हे पण ध्यानात असू द्या, जागा ठरवायच्या आधी हातात धरून कंपासकडे बघत बघत ठरवा.

पीटीटीचं बटण आणि त्याची वायर, ही स्टिकच्या बुडाशी रोज शेकडो वेळा वाकते आणि आतल्या आत तुटते, इन्सुलेशन शाबूत दिसतं. स्टिक चारही कोपऱ्यांत फिरवत पीटीटी दाबून बघा, एखाद्या कोपऱ्यात ट्रान्समिट सुटत असेल तर सापडलं. मी तिथे अनेक बारीक तारांची मऊ वायर वापरतो आणि वळणाला मोकळी सोडतो. याच्या उलट दोष जास्त धोकादायक, म्हणजे पीटीटी अडकून राहणं. तेव्हा तुमचा रेडिओ सगळी फ्रिक्वेन्सी अडवून बसतो, कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही, आणि तुम्हाला वाटतं आज फार शांत आहे. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही तर डिस्प्लेवर ट्रान्समिटची खूण दिसतेय का बघायची सवय लावा, बटण मोकळं होत नसेल तर रेडिओ बंद करून ठेवा. बऱ्याच नव्या रेडिओंत दोनेक मिनिटांनी ट्रान्समिशन आपोआप तोडायची सोय असते, घेताना ती असलेलाच घ्या.

आता अँटेना. फायबरग्लासच्या ग्लायडरमध्ये ती बहुधा उभ्या फिनच्या आत बसवलेली असते. एव्हिएशन बोलण्याचा बँड ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, मध्यावर वेव्हलेंग्थ सुमारे २.३६ मीटर, त्यामुळे पाव वेव्हची कांडी ५५ ते ६० सेंटिमीटर आणि हाफ वेव्ह डायपोल (दोन कांड्यांची अँटेना) त्याच्या दुप्पट, फिनमध्ये बरोबर मावतो. फायबरग्लासमधून रेडिओलहरी आरपार जातात, कार्बन फायबरमधून जात नाहीत, म्हणून कार्बनच्या फ्यूजलाजमध्ये आत कुठेही अँटेना चिकटवून चालत नाही. तुमचं फायबरग्लासचं असल्यामुळे ही अडचण नाही, पण फिनपासून पॅनलपर्यंतची सहा-सात मीटरची कोएक्स तीस-चाळीस वर्षं जुनी असेल, चाकाच्या खोक्याशेजारून गेलेली असेल, ट्रेलरमधल्या ओलीत राहिलेली असेल. आरजी-५८ नवी असताना या बँडला सहा मीटरला सुमारे एक डेसिबल खाते, तेवढं चालतं, पण ओल शिरलेली जुनी किती खाईल सांगता येत नाही. नवी टाकायची झाली तर मी आरजी-४०० टाकतो, दुहेरी शील्ड, आणि बीएनसी कनेक्टर चांगल्या क्रिंप टूलनेच बसवायचा, मधली पिन आत सरकलेली नाही ना हे भिंगातून बघायचं.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) मोजताना एक फसवणूक होते ती सांगतोच. मीटर आपण रेडिओच्या टोकाला लावतो, आणि कोएक्स जेवढी खराब तेवढा एसडब्ल्यूआर चांगला दिसतो, कारण परत येणारी पॉवर वाटेतच जिरते. म्हणून जुन्या कोएक्सवर १.२ बघून खूश होऊ नका. कोएक्सच्या लांबच्या टोकाला, अँटेनाच्या जागी डमी लोड लावून तिथे किती पॉवर पोचते तेही मोजा. अँटेनासकट एसडब्ल्यूआर ११८, १२७ आणि १३६.९ ला मोजायचा, दोनच्या आत असेल तर ठीक, दोनला सुमारे ११ टक्के पॉवर परत येते, तीनला २५ टक्के, आणि तीनच्या वर तर ट्रान्समीटरच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला धोका. मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघताना मधली तार आणि शील्ड शॉर्ट दिसली म्हणून लगेच अँटेना फोडू नका, काही अँटेना डीसीला शॉर्टच असतात, तशाच बनवलेल्या असतात. मीटर नसेल तर सगळ्यात स्वस्त चाचणी अशी, हँडहेल्ड रेडिओला ग्लायडरची अँटेना लावून लांबच्या स्टेशनशी बोला. हँडहेल्डचं स्वच्छ जातंय आणि पॅनलच्या रेडिओचं नाही, तर अँटेना निर्दोष, दोष पॅनलकडे. दोन्हींचं खराब, तर शेपटीकडे वळा.

रेंजबद्दल गैरसमज फार आहेत म्हणून हे पण. व्हीएचएफ जवळपास नजरेच्या रेषेत जातं, उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढून ४.१ ने गुणलं की क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. हजार मीटरवर १३०, तीनशे मीटरवर ७०. सहा वॅट एवढ्या अंतराला पुरून उरतात. दहा वॅटचा रेडिओ घेऊन तुम्हाला फक्त सव्वादोन डेसिबल मिळतात, समोरच्याला फरक जेमतेम कळेल, बॅटरी मात्र नक्की जास्त खाल्ली जाईल. ग्लायडरला सहा वॅटच घ्या.

ऐकण्यात खरखर असेल तर तो बहुतेक शेजारच्या यंत्रांचा उपद्रव असतो, त्यातही फोन चार्ज करायचा यूएसबी चार्जर हा पहिला गुन्हेगार. स्क्वेल्च उघडा, सगळं बंद करा, मग एकेक चालू करत जा, कोणामुळे खरखर वाढते ते लगेच ऐकू येतं. त्या यंत्राच्या वायरवर फेराइट (असला उपद्रव अडवणारं कडं), किंवा चांगला चार्जर, किंवा वायर अँटेनाच्या कोएक्सपासून लांब, बस.

आता निवड. आधी कायद्याचं, कारण "नवीन घ्यावाच लागेल" म्हणालो ते यामुळे. युरोपात १ जानेवारी २०१८ पासून खालच्या हवाई क्षेत्रात पण ८.३३ किलोहर्ट्झचं अंतर पाळणारा रेडिओ लागतो, २५ च्या एका चॅनलच्या जागी तीन चॅनल, म्हणजे ७६० ऐवजी २२८० चॅनल. अमेरिकेत अजून २५ वरच काम चालतं. तुमच्या देशाचा नियम काय आहे ते तुमच्या इन्स्पेक्टरला विचारा, पण नवीन घेणारच असाल तर ८.३३ चाच घ्या, पुढची वीस वर्षं तो वापरायचाय. जुन्या रेडिओची अजून एक अडचण आहे जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. २५ वाल्याला फ्रिक्वेन्सी तीस पीपीएमपर्यंत (दहा लाखात तीस भाग) सरकलेली चालायची, १२५ मेगाहर्ट्झला ३.७५ किलोहर्ट्झ, ८.३३ वाल्याला पाचच पीपीएम, म्हणजे सव्वासहाशे हर्ट्झ. म्हातारा क्रिस्टल तीन किलोहर्ट्झ सरकलेला असेल आणि समोरचा नवीन अरुंद फिल्टरवाला रेडिओ असेल तर तुमचा आवाज त्याच्याकडे कडेने कापलेला, फाटका जातो, जुन्या रेडिओवाल्याला मात्र छान ऐकू येतो. म्हणून "तुटतंय" म्हणणारे सगळे आहेत की फक्त नवीन रेडिओवाले आहेत, हे पण विचारून घ्या.

मॉडेल म्हणाल तर बेकर एआर-६२०१, केआरटी-२, फंकवेर्क एटीआर-८३३, ट्रिग टीवाय-९१, हे सगळे ग्लायडरला चालणारे आहेत, आणि ५७ मिलिमीटरच्या गोल भोकात बसतात. यातला टीवाय-९१ दोन तुकड्यांत येतो, पॅनलवर छोटा कंट्रोलर आणि मूळ रेडिओ दुसरीकडे, पॅनलमागे खोली कमी असेल तर फार सोयीचा. खोली मोजताना मागचा प्लग आणि कोएक्सचं वळण धरून मोजा. मी स्वतः निवडताना आधी ऐकण्याचा करंट बघतो, मग किती कमी व्होल्टेजला ट्रान्समिट करतो ते, मग उन्हात डिस्प्ले वाचता येतो का. हातमोजे घालून आवाजाचं बटण आणि फ्रिक्वेन्सीचं बटण न बघता वेगळं सापडतं का, हे दुकानात डोळे मिटून करून बघा, मेनूत शिरून आवाज कमी करायला लागणारा रेडिओ थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) सात ग्लायडर असताना नकोच. एका वेळी दोन फ्रिक्वेन्सी ऐकायची सोय खूप कामाची. फ्लाइट कॉम्प्युटरवरून फ्रिक्वेन्सी पाठवता येणं ही चैन आहे, असली तर उत्तम. आणि दुरुस्ती तुमच्या देशात होते का, हे सगळ्यात शेवटी विचारतात लोक, पहिल्यांदा विचारायला हवं.

सेकंडहँड घेताना पंधरा पिनांचा प्लग दिसला म्हणून जुन्याच प्लगला तसाच खोचू नका, प्लग सारखा असला तरी पिनांची जोडणी वेगळी असते आणि बारा व्होल्ट माइकच्या पिनवर गेले की संपलं. मंजुरीची पाटी, सीरियल नंबर, आणि गेल्या एकदोन वर्षांतला आकड्यांसकट बेंच रिपोर्ट, हे तिन्ही असेल तरच.

जुना रिपेअर करावा का? खरखरणारं बटण, डिस्प्ले फिका, आवाज घोगरा झालेला म्हातारा कपॅसिटर, ही कामं होतात. शेवटचा ट्रान्झिस्टर जळला असेल तर तो का जळला हे अँटेनात शोधल्याशिवाय बदलू नका, नवीन पण जळेल. डबा उघडायचं काम मात्र परवाना असलेल्या वर्कशॉपचं, घरी स्क्रू काढून ट्यूनिंग फिरवू नका, तुम्ही दुसऱ्याच्या चॅनलवर सांडाल आणि तुम्हाला कळणार पण नाही. बाहेरची वायर, प्लग, माइक यातलं पायलटला स्वतः काय करता येतं ते देशागणिक बदलतं, काम झाल्यावर लॉगबुकात नोंद आणि सही मात्र सगळीकडे लागते.

बॅकअपला एक हँडहेल्ड ठेवा, हेडसेटच्या अडॅप्टरसकट, चार्ज करून. शेतात उतरावं लागलं तर जमिनीवरून त्याची रेंज फारच कमी असते, तेव्हा वरून जाणाऱ्या ग्लायडरला हाक मारा, तो तुमचा निरोप पुढे देईल.

तुमच्या केसमध्ये पुढचा टप्पा असा: दुपारी, पाच तास वापरलेल्या बॅटरीवर, पीटीटी दाबलेली असताना बॅटरीपाशी किती व्होल्ट आणि रेडिओच्या प्लगपाशी किती, एसडब्ल्यूआर तीन फ्रिक्वेन्सींना किती, आणि तक्रार करणाऱ्यांकडे रेडिओ जुने आहेत की ८.३३ चे. आणि हवेत गेल्यावर तीस-चाळीस किलोमीटरवरच्या कोणाला तरी सांगून एक पूर्ण सपाट वळण घ्या, दर चतुर्थांशाला एकदा बोला, कुठल्या दिशेला आवाज पडतो ते त्याला लिहून ठेवायला सांगा. हे आकडे कळवा, मग वायर बदलायची, अँटेना काढायची की सरळ नवीन रेडिओ मागवायचा ते नक्की सांगतो.